ग्रंथाचा अधिकारी कोण?

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगाव्यात, असा प्राचीन संकेत आहे. यांस अनुबंधचतुष्टय म्हणतात. पहिल्या तिहींविषयी टीकाकार हौसेने लिहितात. चौथ्याचा निकाल मात्र बहुधा एका वाक्यात लागतो. मुमुक्षू हा अधिकारी, एवढे म्हटले की लेखणी पुढे धावू लागते. वस्तुतः चारांत अवघड तोच आहे. विषय ग्रंथकर्त्याच्या हाती असतो, प्रयोजन त्याच्या मनात असते. अधिकारी मात्र त्याच्या घराबाहेर, पुष्कळदा त्याच्या काळाबाहेर बसलेला असतो.

एखाद्या वाचकास ग्रंथ कळला नाही, तर दोष कोणाचा? याची दोन उत्तरे रूढ आहेत. वाचकाची योग्यता कमी पडली, हे एक. कर्त्याचे शब्द कमी पडले, हे दुसरे. पहिले उत्तर विद्वानांस सोयीचे, दुसरे आळशी वाचकास सोयीचे. दोहोंतही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की ग्रंथ म्हणून एकच एक वस्तू आहे आणि तिचे वाचकाशी नातेही एकच आहे. हे खरे नव्हे. चरित्र वाचणारा जे काम करतो ते सूत्र वाचणारा करीत नाही. गीत ऐकणारा जे मागतो ते टीका वाचणारा मागत नाही. म्हणून प्रश्न असा मांडावा लागतो की, लेखनाच्या अमुक प्रकारात कर्त्याने वाचकास कोणते वचन दिले होते आणि ते पाळले काय?

या प्रश्नाच्या परीक्षेस महानुभाव वाङ्मयासारखे दुसरे क्षेत्र मराठीत क्वचितच सापडेल. शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. त्यानंतरच्या सुमारे अर्धशतकात, परस्परांस ओळखणाऱ्या थोड्याशा मंडळींनी चरित्र, सूत्र, दृष्टांत, मंगलगीत, आख्यानकाव्य, स्थलवर्णन आणि स्मृती असे नाना प्रकार हाताळले. विषय एकच, श्रोतृवर्गही बहुतांशी एकच. भेद राहिला तो केवळ सांगण्याच्या रीतीचा. त्यामुळे रीत बदलली म्हणजे नाते कसे बदलते, हे येथे स्वच्छ दिसते.

पंडित म्हाइंभट हे सराळ्याचे. शास्त्रार्थाची रग घेऊन ते सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींकडे आले होते आणि तेथे त्यांचा अभिमान गळाला, हे वासनिकांस सांगावयास नको. ज्याच्या जिभेवर तर्काची परिभाषा नाचत होती त्या पंडिताने स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर जो ग्रंथ रचला, त्यात परिभाषा जवळजवळ नाहीच. लहान लहान वाक्ये. कोण आले, कोठे बसले, काय पुसले, सर्वज्ञांनी काय म्हटले. विशेषणे मोजकी. प्रसंग संपला की लीळा संपली. तिचे तात्पर्य म्हाइंभट आपल्या पदरचे सांगत नाहीत. हे कोणी लेखनकौशल्य म्हणेल. त्याहून योग्य नाव त्यास द्यावयाचे तर ते निग्रह होय. आपण पंडित आहोत ही गोष्ट ग्रंथभर कोठेही दिसू न देणे हा या ग्रंथकाराचा आचार आहे, आणि तो वाचकाच्या हितासाठी आहे. लीळेत वाचकास दिलेले वचन इतकेच, की तुला दारापाशी उभे करतो. आत काय घडले ते तू आपल्या डोळ्यांनी पाहा.

या वचनास आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. रिद्धपुरी भटोबासांच्या म्हणजे श्रीनागदेवाचार्यांच्या सन्निध बसून, आणि ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या त्यांच्याकडे जाऊन, म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या. सांगणाऱ्यांच्या आठवणींत भेद पडले. अशा जागी एक पाठ निवडून बाकीचे पुसून टाकणे सोपे होते. वाचकास ते कधीच कळले नसते. पण लीळाचरित्राच्या परंपरेत असे भेद, ते सांगणाऱ्याच्या नावासह, नोंदलेले आढळतात. ज्या वाचकाची परीक्षा घेण्याची शक्यता नाही, त्याच्याशीही खरे वागणे हे ग्रंथकर्त्याच्या नीतीचे पहिले प्रमाण होय. आजचे संशोधक पाठभेद देतात ते विद्वानांच्या भयाने. येथे ते दिले गेले ते परमेश्वराच्या वचनात आपले शब्द मिसळू नयेत या भयाने. दुसरे भय अधिक चांगले लेखन घडविते.

केशिराजबासांचा मार्ग वेगळा. लीळांत विखुरलेली स्वामींची वचने त्यांनी वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. लीळेतून वचन वेगळे काढले की देश, काळ, पृच्छक सारे गळून पडते आणि उरते ते रत्नासारखे घट्ट वाक्य. सूत्र वाचकास काही दाखवीत नाही. ते त्यास पाठ करावयास सांगते. पाठ केलेले सूत्र वर्षानुवर्षे मनात राहते आणि एखाद्या दिवशी उलगडते. म्हणजे सूत्रकार वाचकाकडे काळ मागतो. हे मागणे मोठे आहे, आणि केशिराजबासांस ते जाणवले असावे, कारण दृष्टांतपाठही त्यांचाच. ११४ दृष्टांतांच्या त्या ग्रंथात प्रथम सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक अशी योजना आहे. जात्यंधांनी हत्ती चाचपडला आणि प्रत्येकाने आपापल्या हाती लागलेल्या अवयवास हत्ती म्हटले, ही कथा लहान मुलालाही कळते. परंतु ती कळल्यावर दार्ष्टांतिक तिला पुढे ओढते आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात येते की, आपण हसलो ते त्या आंधळ्यांना, पण चाचपडत आहोत आपणच. सूत्र ज्यास जड झाले त्यास दृष्टांताने हात दिला. एकाच कर्त्याने एकाच वचनासाठी दोन दारे ठेवली, आणि त्यांपैकी एक खालच्या पायरीचे आहे असे कोठेही सुचविले नाही.

याच केशिराजबासांविषयी स्मृतिस्थळात जो प्रसंग आहे तो सर्वश्रुत आहे. ते संस्कृतात निपुण. रत्नमालास्तोत्र त्यांनी संस्कृतातच केले. पुढेही संस्कृतात ग्रंथ करण्याची त्यांची इच्छा भटोबासांस कळली, तेव्हा आचार्यांनी त्यांस आवरले. अशाने आपल्या पंथातील वृद्ध स्त्रिया वंचित होतील, हे कारण सांगितले. मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग सभांतून पुन्हा पुन्हा सांगितला जातो. तो भाषाभिमानाचा प्रसंग नाही, असे म्हटल्यास काहींना रुचणार नाही. आचार्यांच्या तोंडी जे क्रियापद आहे ते 'नागवणे' हे आहे. नागवणे म्हणजे लुबाडणे, असलेले हिरावून घेणे. ज्याला काही मिळाले नाही तो वंचित खरा. पण जे त्याचेच होते ते काढून घेतले तर तो नागवला गेला. म्हणजे आचार्यांच्या दृष्टीने स्वामींचे वचन त्या म्हाताऱ्यांचे होतेच. ते त्यांनी स्वतः ऐकले होते, त्यांच्याच भाषेत ऐकले होते. ते विद्वत्तेच्या पेटीत घालून कुलूप लावणे ही केवळ गैरसोय नव्हे. तो अपहार होय. वाचक-लेखक संबंधाविषयी मराठीत आजवर जे लिहिले गेले, त्यात इतके कठोर आणि इतके योग्य विधान दुसरे आढळणे कठीण.

आणि या 'म्हाताऱ्यां'विषयी गैरसमज नसावा. महदाइसा त्यांच्यातलीच. लीळाचरित्रातील कितीतरी लीळा तिच्या प्रश्नापासून निघतात. तिच्या जिज्ञासेचे कौतुक प्रत्यक्ष सर्वज्ञांनी केले आहे. रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीळेच्या निमित्ताने तिने धवळे गाइले, आणि त्यामुळे मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव वाङ्मयेतिहासात आले. धवळा हा लग्नघरात बायकांनी गावयाचा प्रकार. तेथे श्रोता आणि वक्ता अशी फळी नसतेच. एकीने उचलले की दुसऱ्या मिसळतात. जिच्यासाठी मराठी राखली ती श्रोत्री स्वतः कर्ती झाली, हा त्या आज्ञेचा प्रत्यक्ष फलादेश म्हणावा लागेल.

काव्यांविषयी थोडके पुरे. कवी नरेंद्राने आपले रुक्मिणीस्वयंवर देवगिरीस रामदेवराव यादवाच्या सभेत ऐकविले, राजाने ते आपल्या नावावर मागितले आणि सोन्याचे आमिष दाखविले, परंतु कवीने ते नाकारले, अशी परंपरा आहे. राजा हा ऐपतवान श्रोता होता, रसिकही होता. परंतु विकत घेणारा वाचक वेगळा आणि अधिकारी वेगळा, हे नरेंद्रास कळले. भास्करभट बोरीकरांचे उदाहरण याहून बोधक आहे. शिशुपाळवध गुरुबंधूस दाखविला असता, ग्रंथ उत्तम झाला परंतु निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय मिळाला. भास्करभटांनी वाद घातला नाही. शिशुपाळवध नष्टही केला नाही. त्यांनी दुसरा ग्रंथ, उद्धवगीता, लिहिला. पहिल्या काव्यास त्याचे वाचक आहेत, दुसऱ्यास त्याचे. एका ग्रंथाकडून दोहोंचे समाधान करवून घेण्याचा हट्ट धरला नाही. आजचे पुष्कळसे लेखन एकाच वेळी पंडितांस, नवशिक्यांस आणि पारितोषिक समितीस उद्देशून असते, आणि त्यामुळे कोणाचेच राहत नाही.

येथवर सर्व गौरवाचेच झाले. पण प्रश्नाची अवघड बाजू याच्या पुढे आहे.

चौदाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेवर आलेल्या धाडींत पंथाच्या पोथ्यांची हानी झाली. लीळाचरित्राची मूळ प्रत गेली, आणि हीराइसेच्या मुखी असलेल्या पाठावरून तो ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, असे परंपरा सांगते. त्या शतकात पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास प्रारंभ केला. त्यांत सकळ लिपी मुख्य. तिचे कर्तृत्व रवळोबासांकडे दिले जाते. अक्षरे देवनागरीच, परंतु एका अक्षराच्या जागी दुसरे. किल्ली ज्याच्यापाशी त्यासच मजकूर उघडावा. ग्रंथ परक्यांच्या हाती पडून त्यांची विटंबना होऊ नये, अनधिकाऱ्याने वचनाचा भलता अर्थ करू नये, हा हेतू होता. आणि त्या काळाची धामधूम पाहता तो निर्मूळ होता असे कोणी म्हणू नये. हीराइसेच्या कंठातून ग्रंथ परत मिळविलेल्या समाजास पोथी जिवापलीकडे वाटली, यात नवल नाही.

तरीही हिशेब मांडावा लागतो. ज्या पंथाने संस्कृताचे कुलूप नाकारले त्यानेच काही पिढ्यांत लिपीचे कुलूप घातले. दोहोंत एक भेद आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. संस्कृतामुळे घरातल्या नागवल्या गेल्या असत्या. लिपीमुळे बाहेरचे बाहेर राहिले. घरातल्यांस निरूपण मुखाने मिळतच होते. पण बाहेरच्याचे काय? तो अधिकारी नव्हे, असे म्हणून विषय मिटतो काय? अधिकारी जन्मतःच पंथात नसतो. स्वतः म्हाइंभट बाहेरून आले, आणि तेही प्रतिस्पर्धी म्हणून आले. त्यांच्यासाठी त्या दिवशी दार बंद असते, तर लीळाचरित्र कोणी लिहिले असते?

दार बंद राहिल्याचे मोल मराठी भाषेतच नोंदलेले आहे. 'महानुभाव' हा मोठ्या अनुभवाचा वाचक शब्द. लोकांच्या तोंडी त्याचा 'मानभाव' झाला, आणि त्यावरून 'मानभावी' हे विशेषण निघाले. वरून गोड, आतून कपटी, असा त्याचा अर्थ आजही कोशांत आहे. ज्यांचे ग्रंथ वाचता येत नाहीत त्यांच्याविषयी लोक काहीतरी वाचतातच. ते त्यांच्या चेहऱ्यावरून, वस्त्रावरून आणि ऐकीव गोष्टींवरून वाचतात. ग्रंथकर्त्याने वाचकाची जागा मोकळी सोडली तर ती रिकामी राहत नाही. द्वेष तेथे येऊन बसतो. या निंदेचा दोष निंदकांचा आहे, हे निर्विवाद. परंतु निंदकास उत्तर देणारे पुस्तक पाच शतके पेटीत होते, हेही तितकेच खरे.

या बंद पेटीच्या काळातच एक उलट गोष्ट घडली. पंथ पंजाबात गेला आणि तेथे जयकृष्णी या नावाने वाढला. तेथील अनुयायांची घरची भाषा मराठी नव्हती. तरी त्यांनी धर्मग्रंथ मराठीतच ठेवले, मराठीतच पाठ केले. ज्यांच्या आजीपणजीने मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता, अशा लोकांनी सूत्रांसाठी ती भाषा शिकावी, हे दृश्य विचार करावयास लावणारे आहे. शेजारचा मराठी माणूस लिपीमुळे दूर आणि सिंधूकाठचा माणूस निरूपणामुळे जवळ! यावरून इतके निश्चित होते की, वाचकास जोडणारी वस्तू भाषा नव्हे, लिपीही नव्हे. कोणीतरी शेजारी बसून सांगणारा हवा.

इ. स. १९१० मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल प्रसिद्ध केली, आणि बाहेरील जगास हा ठेवा दिसू लागला. त्यानंतरच्या कामात यवतमाळचे नाव आदराने घ्यावे लागते. डॉ. य. खु. देशपांडे यांनी त्या गावी शारदाश्रम उभारून हस्तलिखिते मिळविली, आणि इ. स. १९२५ मध्ये 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ लिहिला. नागपुरात ह. ना. नेने यांनी इ. स. १९३६-३७ च्या सुमारास लीळाचरित्राचे भाग छापले, वा. ना. देशपांडे यांनी महदंबेचे धवळे आणि स्मृतिस्थळ वाचकांपुढे आणले. कापसाच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या एका वऱ्हाडी गावात पोथ्यांची गाठोडी येत होती आणि त्यांची पाने उलटली जात होती. हे कार्य ज्यांनी केले ते बहुतेक पंथाबाहेरचे होते. म्हणजे ज्यांच्यापासून जपावयाचे म्हणून किल्ली लपविली, त्यांच्यातूनच जपणारे निघाले. त्यांस पोथ्या दाखविणारे महंतही होते, हे विसरता कामा नये. त्यांच्यावर त्या वेळी घरचा रोष ओढवला असल्यास तो त्यांनी सोसला.

बंद दाराचा एक अलीकडील दाखला याच गावी घडला. इ. स. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी बोलाविलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण ऐन वेळी मागे घेण्यात आले. त्यांचे लिहिलेले भाषण मंडपात वाचले गेले नाही. मराठीत उतरून ते वृत्तपत्रांतून घरोघर वाचले गेले, आणि मंडपात जितक्यांनी ऐकले असते त्याहून कितीतरी अधिक जणांपर्यंत गेले असावे. त्या भाषणातील मतांशी येथे कर्तव्य नाही. दार लावणाऱ्याचा अंदाज वाचकाविषयी नेहमी चुकतो, एवढेच येथे प्रस्तुत आहे.

मुद्रणाने मात्र नवी अडचण उभी केली. पूर्वी पोथी आणि वाचक यांच्यामध्ये निरूपण करणारा असे. सूत्र अडले तर तो लीळा सांगे, लीळा अडली तर स्थान दाखवी. छापील पुस्तक एकटे जाते. रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. तेथील विद्यार्थी लीळाचरित्र भाषेसाठी उघडील, इतिहासासाठी उघडील. तो वासनिक नाही म्हणून त्यास परका म्हणावे काय? आणि घरातल्यांची स्थिती तरी काय आहे? दारव्हा, नेर, दिग्रस या भागांतील एखाद्या वासनिकाच्या घरी शास्त्रचर्चेचा अंक टपालाने येतो. त्यास दंडवत घातला जातो आणि तो देवघरात ठेवला जातो. तेथून तो फारसा निघत नाही. त्यातील टीका संस्कृतप्रचुर, समासांनी भरलेली, पूर्वपक्ष-उत्तरपक्षांत गुंतलेली असते. लिहिणारा साधू आणि वाचणारा साधू. ज्या म्हाताऱ्यांसाठी आचार्यांनी केशिराजबासांस आवरले, त्यांच्या नाती आज शाळेत शिकलेल्या आहेत, त्यांस अक्षर येते. तरी त्यांस टीका येत नाही. भाषा मराठी, लिपी बालबोध, आणि तरी सकळ लिपीच.

यावर असे म्हटले जाते की, शास्त्र सुलभ केले की उथळ होते. या आक्षेपात तथ्य आहे, पण अपुरे. म्हाइंभट सुलभ आहेत. त्यांस उथळ कोण म्हणेल? उथळपणा येतो तो लेखनप्रकाराचे वचन मोडल्यामुळे. सूत्राचा अर्थ सांगतो म्हणून सुरुवात करावी आणि मध्येच भावनेचा पूर आणावा, हा उथळपणा होय. चरित्र लिहितो म्हणावे आणि प्रत्येक प्रसंगास उपदेशाची शेपटी जोडावी, हाही उथळपणाच. टीकेने कठीण असावे, परंतु तिची कठीणता विषयाची असावी, लेखकाच्या प्रतिष्ठेची नसावी. या दोहोंतील भेद वाचकास चटकन कळतो. एकीशी तो झगडतो. दुसरीस तो नमस्कार करून देवघरात ठेवतो.

जुन्या टीकाकारांस हे ठाऊक होते, याचा पुरावा त्यांनी निर्माण केलेल्या प्रकारांतच आहे. सूत्रपाठावर लक्षण, निर्वचन, हेतुस्थळ अशी नाना अंगांची टीका झाली. तिच्यात प्रकरणवश हाही एक भाग आहे. अमुक सूत्र कोणत्या स्थानी, कोणाच्या पृच्छेवरून, कोणत्या प्रसंगी निरूपिले गेले, हे त्यात सांगतात. केशिराजबासांनी लीळेतून वचन वेचले तेव्हा जे गळाले होते, ते प्रकरणवशकारांनी वाचकासाठी परत आणून ठेवले. तेथे सूत्रापूर्वी पुसणारा दिसतो. तो कधी भटोबास असतो, कधी एखादा नुकताच आलेला पाहुणा असतो, आणि पुष्कळदा ती महदाइसा असते. तिला अजून कळलेले नसते, आणि ती ते तसे सांगते.